लखलखीत हौद

खंडेनवमीच्या सकाळी मी हौदात गुडघाभर पाण्यात उभी राहून वायरब्रशनं भिंती घासत होते, आणि रस्त्यापलीकडं माझा सख्खा बाप दुसऱ्याच्या पान्ह्यांना हळदकुंकू लावत होता.

तो दुसरा म्हणजे हणमंत कुंभार. आप्पांच्या हाताखाली शिकून मोठा झालेला मिस्त्री. त्यानं दारात सतरंजी अंथरली होती, तिच्यावर पान्हे, जॅक, हातोडे ओळीनं मांडले होते, आणि आप्पा वाकून एकेकाला बोट टेकवत होते. झेंडूचे हार, नारळ, उदबत्त्या, सगळा थाट. मधे आडवा फक्त रस्ता. मान वर केली की तो सोहळा दिसायचा आणि मान खाली घातली की माझा हौद. म्हणून मी मान खालीच ठेवली आणि सगळा राग त्या ब्रशवर काढला. डाव्या हातानं घासते मी, पहिल्यापासून डावरी. त्या दिवशी खांदा निखळायचा बाकी होता.

आता तुम्ही म्हणाल, सणासुदीला ही बाई हौद का घासत बसली? सांगते.

आमच्या गावात उतारावर म्हसोबाचं तळं आहे आणि वर चढावर आमची गॅरेज लाइन. पाऊस पडला की लाइनीतलं जळकं तेल, ग्रीस, बॅटरीचं पाणी, सगळं गटारातून थेट तळ्यात. पाण्यावर मोरपंखी तवंग यायचा. मासे उलटे व्हायचे. काठच्या विहिरींना रॉकेलचा वास यायला लागला तेव्हा बायकांनी घागरी घेऊन नगरपालिकेवर मोर्चा नेला. मग कुठं वरून अनुदान मिळालं, पावसाचं पाणी तळ्यात शिरायच्या आधी साफ करायचं म्हणून.

त्या अनुदानातून आमच्या लाइनीत नमुन्याचे दोन हौद बांधले. रस्त्याला दोन बाजूंनी दोन गटारं, म्हणून हौद दोन. एक पडला माझ्या दारात, दुसरा हणमंताच्या. हौद म्हणजे तीन कप्प्यांचा, वर लोखंडी झाकणं. गटाराचं पाणी पहिल्या कप्प्यात येतं, चिखल तळाला बसतो, तेल वर तरंगतं, आणि खालचं चांगलं पाणी वाकड्या पाइपातून पुढच्या कप्प्यात जात जात बाहेर पडतं. वर तरंगणारं तेल आपण अधूनमधून डब्यानं काढून पिंपात भरायचं. एवढंच काम.

पण खरी गोम पुढं होती. पावसाळाभर दोन्ही हौद चालवून बघायचे, आणि ज्याचा नीट चालेल त्याच्या बाजूला उरलेल्या अनुदानातून मोठा वॉशिंग रॅम्प. पत्र्याचं छप्पर, स्वतंत्र नळ, सिमेंटचा उतार. आणि तो चालवायचा मक्ताही त्याच गॅरेजला. म्हणजे लाइनीतली झाडून सगळी वाहनं धुवायला त्याच्या दारात.

मला तो रॅम्प हवा होता. आमचे हे एसटीत कंडक्टर, माझं स्कूटर-लुनाचं छोटं गॅरेज, घर रडतखडत चालायचं. रॅम्प आला असता तर चार दिवस बरे दिसले असते. ते होतंच. पण मला दुसरंच काही हवं होतं. गिऱ्हाइकांची गर्दी माझ्या दारात झाली असती, तर आप्पांना हणमंताच्या सावलीत बसून काय मिळणार होतं?

आप्पांचं आणि माझं असं का झालं, तेही ऐका. लहानपणी त्यांचा जेवणाचा डबा मीच न्यायचे. डबा ठेवून घरी जायचं सोडून तिथंच बसायचे. ते गाडीखाली झोपून नुसता हात बाहेर काढायचे आणि मी बरोबर तोच पान्हा हातात ठेवायचे. हणमंत तेव्हा नवा होता, चुकायचा, बोलणी खायचा. पण मी साडी नेसायला लागले आणि आप्पांनी फर्मान काढलं, उद्यापासून डबा तुझा भाऊ आणेल. पोरीच्या जातीनं काळे हात करायचे नाहीत. मग सगळी विद्या हणमंताच्या ओंजळीत. माझा वाटा त्याला.

लग्नानंतर मी हट्टानं गॅरेज काढलं आणि तेही बरोबर हणमंतासमोर. जागा स्वस्त मिळाली असं सगळ्यांना सांगायचे. शटर उघडलं त्या दिवशी आप्पा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि चार माणसांत म्हणाले, "ह्या दुकानाची पायरी मी चढणार न्हाई." आणि खरंच चढले नाहीत. बोलणंही बंद. थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतःचं काम बंद केलं, आणि घरून आपली लाकडी खुर्ची उचलून कुठं नेऊन ठेवली असेल? हणमंताच्या दारात. सकाळी दुकान उघडलं की पेपर घेऊन बसायचे ते सांजवात होईपर्यंत. तोंडापुढं पेपर, पेपराच्या खाली धोतर, बस्स, एवढाच बाप मला दिसायचा.

आणि कौतुक किती त्या गॅरेजचं! हणमंताच्या दारात जुन्या टायरांची चळत होती. एक दिवस आप्पांनी स्वतः उभं राहून ती डावीकडं हलवून घेतली. चार दिवसांनी पुन्हा उठले, आणखी मागं सरकवायला लावली. दुसऱ्याच्या दुकानाची मांडामांड करायला वेळ आहे, आणि लेकीच्या दारातला दगडसुद्धा कधी सरकवला नाही ह्या माणसानं.

हौद बांधून झाले तेव्हा पालिकेच्या देशिंगकर मॅडमनी शाळेच्या हॉलमध्ये बैठक घेतली. तरुण इंजिनीअर, बारीक अंगाची, बोलायला मात्र ठणठणीत. फळ्यावर चित्र काढून हौद कसा चालतो, काय करायचं, काय करायचं नाही, सगळं समजावत होत्या. पुढच्या बाकावर हणमंत आणि आप्पा शेजारी शेजारी. हणमंताच्या सदऱ्याच्या खांद्यावर ग्रीसचा डाग होता आणि आप्पा तो नखानं खरवडत होते. हळूहळू, आई पोराच्या गालावरचा भात काढते तसं. माझी नजर त्या नखावरून हलेना. मॅडम बोलत होत्या, माणसं प्रश्न विचारत होती, आणि मी ते नख बघत होते. शेवटी सगळे उठायला लागले तेव्हा माझ्या कानांवर एकच वाक्य आलं.

"तर मग हौद स्वच्छ ठेवा, बाकी तुम्ही हुशार आहात."

ठेवते, म्हटलं. असा ठेवते की डोळे दिपतील.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहणी होती. खंडेनवमीला तशीही गॅरेजवाले हत्यारं धुतात, फरशी धुतात, कानाकोपरा घासतात. मी म्हटलं, ह्याच मुहूर्तावर हौद. झाकणं उघडली तर वर काळ्या तेलाचा बोटभर थर. डब्यानं काढत बसले असते तर दिवस गेला असता आणि भिंती काळ्याच्या काळ्या राहिल्या असत्या. मग मी धुण्याचा सोडा आणला, साबणपावडरीची पिशवीच्या पिशवी ओतली आणि बांबूनं ढवळलं. काय सांगू तुम्हाला! तो काळा थर बघता बघता पांढुरका झाला, फेस वर आला आणि तेल जणू नव्हतंच. मग आत उतरले, भिंती घासल्या, वरून पाइपानं पाणी सोडलं. फेस पुढच्या कप्प्यात, तिथून पुढं, तिथून गटारात. सिमेंट असं निघालं की काल गिलावा केलाय.

तेवढ्यात हौदाच्या कडेला दोन पाय दिसले. जाड वहाणा, धोतराचा काठ. मी वर बघितलं. आप्पा.

माझ्या हातातला ब्रश थांबला. इतक्या वर्षांत रस्ता ओलांडून आले नव्हते. पायरीच्या खाली, रस्त्यावरच उभे होते, पण माझ्या दारात होते. दोन्ही हातांच्या बोटांना हळदकुंकू लागलेलं. क्षणभर मला वाटलं, माझ्या पान्ह्यांना लावायला आले. माझ्या टेबलावरही पान्हे मांडलेले होते हो. मीच हार घातला होता, मीच कुंकू लावलं होतं.

आप्पांनी हौदात डोकावून बघितलं. मग म्हणाले, "किती साबण घातलास?"

बस्स, हेच. पहिलं वाक्य हे. ना मालू, ना कशी आहेस.

"का?" मी म्हटलं. "तुमच्या चेल्याला पुरणार न्हाई म्हणून काळजी पडली?"

"साबण घालायचा नसतो ह्यात."

"असं का? आणि त्याचा हौद काळा कुळकुळीत पडलाय तो चांगला? माझा उजळ दिसला की खुपतो का डोळ्यांत? आप्पा, एवढी वर्षं त्याचं बघितलंत, आता माझं बिघडवायला आलात?"

त्यांचे ओठ हलले. काही तरी म्हणणार होते.

"जावा," मी म्हटलं. "पूजा खोळंबली असेल तिकडं."

ते गेले. सावकाश रस्ता ओलांडला, खुर्चीत बसले. मी पुढचं बघितलं नाही. ब्रश घेतला आणि जिथं आधीच घासलं होतं तिथं पुन्हा घासायला लागले. डोळ्यांत साबण गेला होता, त्यामुळं पाणी येत होतं. साबणच होता तो, खोटं नाही सांगत.

दसऱ्याला संध्याकाळी लोक सोनं वाटायला निघाले आणि आभाळ फुटलं. परतीचा पाऊस, धो धो. आमचे हे म्हणाले, "मालन, नशीब बघ, देवानं शेवटचा हात मारून दिला तुझ्या हौदाला." मी खुशीत. उरलासुरला फेससुद्धा धुऊन निघाला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी देशिंगकर मॅडम आल्या, बरोबर पालिकेची दोन माणसं, काचेच्या बाटल्या, लांब दांड्याचा पळा. सगळी लाइन गोळा झाली. आप्पा खुर्चीत, तोंडापुढं पेपर. मी इस्त्रीची साडी नेसून उभी. झाकणं मीच उघडली. पहिल्या कप्प्यात स्वच्छ पाणी, तळाची फरशी दिसत होती. बघणाऱ्यांतून कुणी तरी "वा!" म्हटलं, आणि मी मुद्दाम रस्त्यापलीकडं बघितलं. पेपर हलला नाही.

मॅडम वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग सरळ उभ्या राहिल्या.

"मालनबाई, तेल कुठं आहे?"

"तेल? एक थेंब सापडायचा न्हाई मॅडम."

"तेच विचारतेय. पावसाळाभर ह्या बाजूचं तेल ह्यात आलं. गेलं कुठं?"

"साफ केलं की. तुम्हीच म्हणाला होता, हौद स्वच्छ ठेवा."

"तेल काढून पिंपात भरलंत?"

पिंप दारातच होतं. निम्मंसुद्धा भरलेलं नव्हतं.

मॅडमनी शेवटच्या कप्प्याच्या तोंडाशी साचलेलं पाणी बाटलीत घेतलं आणि उन्हात धरलं. गढूळ, पांढुरकं, भांडी विसळल्यावर उरतं तसं पाणी. बाटली हलवली तर फेस आला. त्यांनी ती माझ्या नाकाशी धरली. साबणाच्या वासामागं जळक्या तेलाचा वास.

"सोडा घातला? साबण?"

"दोन्ही."

"अहो बाई," मॅडम म्हणाल्या, आणि त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्यांचा आवाज दुखावलेला होता. "साबण लागला की तेलाचा चुरा होतो. इतके बारीक कण होतात की वर तरंगतच नाहीत. पाण्यात मिसळतात आणि पाण्याबरोबर खालच्या पाइपातून पुढं निघून जातात. मग हौद अडवणार तरी काय? मी बैठकीत दोनदा सांगितलं होतं, साबण नाही, सोडा नाही, काहीच नाही. फळ्यावर लिहिलंसुद्धा होतं."

बैठकीत माझं लक्ष कुठं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

गटाराच्या कडेकडेनं आम्ही खाली तळ्यापर्यंत गेलो. आमच्या बाजूचं गटार जिथं तळ्याला मिळतं, तिथं फेसाचे पुंजके काठाला चिकटून बसले होते आणि पाण्यावर तो मोरपंखी तवंग, लांबच्या लांब. कपडे धुवायला आलेल्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यातली एक माझ्याकडं बघून म्हणाली, "अगं बया, मोर्च्यात तूही होतीस की आमच्यासंगं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग हणमंताचा हौद. त्यानं झाकण उघडलं आणि घाण वास सुटला. आत काळंशार तेल, दाट, सायीसारखं वर जमलेलं. हणमंत पार ओशाळला. "मॅडम, सणामुळं काढायचं राहिलं बघा. आज काढतो."

मॅडम मात्र खुलल्या. पळ्यानं थर मोजला, मग बाहेरच्या तोंडाचं पाणी बाटलीत घेतलं. विहिरीचं म्हणून खपलं असतं, इतकं नितळ. हणमंताचं पिंप उघडून बघितलं, काठोकाठ काळं. "असं पाहिजे," त्या बरोबरच्या माणसांना म्हणाल्या. "हौद काळा पाहिजे, तळं नको."

आणि झालं. रॅम्प त्या बाजूला. लाइनीतल्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणी हणमंताच्या पाठीत धपाटा घातला. मी झाकणं लावायला परत माझ्या बाजूला आले. लावता लावता बघितलं, आप्पांनी पेपराची घडी केली, उठले, आणि कुणाशी न बोलता गॅरेजमागच्या बोळात शिरले. झालं ना मनासारखं? चेला जिंकला, आता घरी जाऊन गोड खायचं.

माणसं पांगली. मी दुकानात बसून राहिले. एक स्कूटर आली तिला उद्या ये म्हणून सांगितलं. जसजसं ऊन चढायला लागलं तसतसा माझा जळफळाट वाढायला लागला. साबण घालायचा नसतो हे हणमंताला कसं कळलं? बैठकीत तो तरी कुठला ऐकायला! मॅडम बोलत असताना पेंगत होता, मी बघितलं होतं. सांगणारा एकच. मला सांगायला आले ते नुसतं लोकांना दाखवायला, त्याला आधीच सांगून ठेवलेलं असणार. ती खात्री झाली आणि मी उठलेच. शटर उघडं टाकून तरातरा रस्ता ओलांडला.

हणमंत स्टुलावर बसून कार्बोरेटर पुसत होता. जिंकलेला माणूस असा दिसत नाही, पण मला ते बघायचं नव्हतं.

"कुणी सांगितलं तुला साबण घालू नको म्हणून?"

"बस आधी, मालन."

"बसायला आले न्हाई. आप्पांनीच सांगितलं ना? पान्ह्यांना कुंकू लावता लावता कानात सांगितलं असेल. माझा बाप खाल्लास तू, हणमंता. सगळाच्या सगळा खाल्लास."

त्यानं कार्बोरेटर खाली ठेवला. त्याचा चेहरा असा झाला की मी कधी बघितला नव्हता.

"मी खाल्ला?" तो म्हणाला. "बरं. बस त्या खुर्चीत. उस्तादांच्या. मग भांड."

"मी कशाला..."

"बस म्हणतो ना!"

तो कधी आवाज चढवत नसे. मी बसले. खुर्चीच्या हातांचं लाकूड गुळगुळीत झालं होतं.

"त्यांनी मला काय एक सांगितलं न्हाई," हणमंत म्हणाला. तो उठला आणि फळीवरून सोड्याचं पुडकं काढून माझ्या मांडीवर टाकलं. न फोडलेलं. "हे बघ. मी पण आणून ठेवलं होतं. तू घासायला लागलीस म्हटल्यावर मला बी चेव चढला. म्हटलं पूजा उरकली की आपण बी घासू. तेवढ्यात उस्ताद तुझ्याकडं गेले. परत आले ते ह्या खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. कुंकवाचे हात डोक्याला. तुझ्या फेसाकडं बघत हुते. मी म्हटलं, जे बघून उस्ताद डोकं धरत्यात, ते आपण करायचं न्हाई. एवढीच माझी अक्कल."

"बघत होते? पेपरात तोंड असतं त्यांचं."

"पेपर?" हणमंत हसला, पण ते हसणं कडू होतं. "चष्मा बघितलास कधी त्यांच्या डोळ्याला हितं? चष्मा घरी असतो. पेपर एकच असतो, आठवडाभर. मी बदलतो मधनंच, लोक हसतील म्हणून."

आप्पांना चष्म्याशिवाय अक्षर लागत नाही, हे मला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. मला ते एकदासुद्धा सुचलं नव्हतं.

"मी तुझा बाप खाल्ला म्हणतेस," हणमंत बोलतच होता. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं बोलत होता. "अगं, मी हितं मागं इंजिनं उतरवली, मरमर मेलो. वाटायचं, एकदा तरी उस्ताद मान वळवून म्हणतील, शाब्बास हणमा. कधी न्हाई! दिवसभर आपलं तुझंच. 'बघ, प्लग काढला तिनं, आता कार्बन खरवडंल.' 'डावरी हाय, माझ्यावर गेलीय.' 'तुझ्या हाताला तिची नजाकत न्हाई, हणमा.' हे ऐकत मी म्हातारा व्हायला लागलो. टायर का हलवलं माझं, दोन दोन डाव? माझ्या दुकानाच्या शोभेसाठी? मला तर तुझा इतका राग यायचा, मालन, की वाटायचं रस्त्यात भिंत बांधावी."

टायर. मी पहिल्यांदा समोर बघितलं.

टायरांची चळत जिथं सरकवून ठेवली होती, तिच्या आणि दाराच्या खांबाच्या मधे एक फट होती. त्या फटीत माझं गॅरेज अख्खं बसलं होतं. पायरी, टेबल, माझं स्टूल, पान्हे टांगायची फळी, हार घातलेला जॅक, सगळं. स्टुलावर कुणी बसलं असतं तर त्याच्या हाताची बोटं मोजता आली असती. आणि हणमंताचं गॅरेज ह्या खुर्चीतून दिसतच नव्हतं. ते सगळं पाठीमागं होतं.

सोड्याचं पुडकं मांडीवर तसंच.

तेवढ्यात माझ्या दुकानात काही तरी हललं. आतून कुणी तरी बाहेर येत होतं. शटर मी उघडंच टाकलं होतं. आधी बादली दिसली, माझीच, निळी. मग धोतर. बोळातून मागल्या रस्त्यानं फिरून, मी इकडं भांडत होते तेवढ्यात, आप्पा ती पायरी चढून माझ्या दुकानात शिरले होते. पायरीवर येऊन उभे राहिले, खालच्या हौदाकडं बघितलं, मग एक पाय खाली, दुसरा खाली. वहाणा काढून कडेला ठेवल्या, शेवटच्या कप्प्याचं झाकण सरकवलं. धोतर खोचलं आणि ह्या वयात, कडेला धरून, हौदात उतरले.

साबणाचं पाणी बादलीनं काढून पिंपात ओतायला लागले. गटारात नाही, पिंपात. डाव्या हातानं. एक बादली काढली की कंबर धरून उभे राहायचे, मग पुन्हा वाकायचे. मधेच त्यांनी हौदाची भिंत बोटानं पुसली आणि बोट डोळ्यांपासून लांब धरून बघितलं. किती घासलंय ते बघत असणार.

उठून पळत जावं असं वाटत होतं. पण मी उठले तर ते थांबतील, आणि थांबले तर वहाणा घालून निघून जातील, अशी भीती वाटली. म्हणून मी शेजारी पडलेला पेपर उचलला आणि तोंडापुढं धरला, त्यांनी चुकून इकडं बघितलं तर म्हणून. वरच्या कडेवरून सगळं स्वच्छ दिसत होतं.

"मालन," मागून हणमंताचा आवाज आला. राग उतरला होता त्याचा. "चहा सांगितलाय. आणि जरा हिकडं बघ की. रॅम्पचा उतार ह्या अंगानं घालावा म्हणतोय मी, तुला कसं वाटतं?"

आप्पांनी नवी बादली भरली होती. मी मान वळवली नाही.